सातव्या महिन्यात सातव्या वर्षाचं चित्र

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. धाकटा भाऊ, वय सत्तावीस, जिल्हा परिषदेत कनिष्ठ लिपिक. सात महिन्यांपूर्वी अमरावती रोडवर मोटरसायकल घसरली, मणक्याला मार लागला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डी-१२ ची, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्याची दुखापत सांगितली आहे. पायात हालचाल नाही, संवेदना नाही. घरी आल्यापासून तो खोलीबाहेर येत नाही. तुम्ही त्याला रोज पॅरालिम्पिक खेळाडूंचे, हात नसताना पायाने लिहिणाऱ्यांचे, कृत्रिम पायावर नाचणाऱ्यांचे व्हिडिओ पाठवता. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "अजून एक पाठवला तर फोन फोडीन." आणि तुम्ही विचारताय की ज्यांच्याकडून त्याला खरंच प्रेरणा मिळेल अशा कोणाच्या गोष्टी दाखवू.

मी नागपुरात चोवीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे दुखापतीनंतर रोजची कामं परत करायला शिकवणारी म्हणून, काम करते. सुरुवातीला सरकारी रुग्णालयात, नंतर स्वतःचं लहानसं केंद्र आणि घरोघरी जाणं. त्यातले निम्मे रुग्ण मणक्याचेच. तेवढ्या अनुभवावर सांगते, व्हिडिओ थांबवा. त्यातली माणसं खोटी नाहीत, पण ते व्हिडिओ तुमच्यासाठी आहेत. तुम्हीच लिहिलंय की ते बघून तुमचे डोळे भरून येतात आणि "आपण कशाला रडतोय" असं वाटतं. बरोबर आहे, चालत्या-फिरत्या माणसाला ते वाटावं अशीच त्यांची जुळणी असते. तुमच्या भावाला मात्र त्यात एकच वाक्य ऐकू येतं : यांनी केलं, तू काय करतोयस?

मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्या, कारण तुमच्या यादीत तेही आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचा हा गडी लष्करात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. व्हिडिओत १९६५ आणि १९७२ यांच्यात चार सेकंद जातात, आणि मागे तबला वाजतो. प्रत्यक्षात मध्ये सात वर्षं आहेत. पोहणं सुरू झालं तेही उपचारातला व्यायाम म्हणून, पदकासाठी नव्हे. मधल्या काळात १९६८ ला ते तेल अवीवच्या स्पर्धेत टेबल टेनिस खेळून आले. म्हणजे एक खेळ, मग दुसरा खेळ, असं चाचपडणं चालू होतं. आणि पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, तब्बल शेहेचाळीस वर्षांनी. तुम्ही भावाला सातव्या महिन्यात सातव्या वर्षाचं चित्र दाखवताय. त्याला ते बघवत नाही यात नवल काय?

ही चूक मीही केली आहे, आणि तुमच्यापेक्षा मोठी. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आम्ही वॉर्डात एका नावाजलेल्या दिव्यांग व्यक्तीचा कार्यक्रम ठेवला. बॅनर, पुष्पगुच्छ, सगळं झालं. ते गृहस्थ बोललेही छान. पण खिडकीजवळच्या कॉटवरचा एक ट्रकचालक भाषण सुरू झाल्याबरोबर भिंतीकडे तोंड करून झोपला. मला राग आला होता. नंतर पट्टी बदलताना तो म्हणाला, "मॅडम, थे सायब चांगले आहेत. पण त्याहीनं संडासचं काही सांगितलंच नाही." ते वाक्य मी आजवर विसरले नाही. माझी कामाची पद्धत त्या दिवशी बदलली.

कारण मणक्याची दुखापत झालेल्या माणसाच्या डोक्यात पहिल्या वर्षात फिरणारे प्रश्न जगण्याच्या अर्थाचे नसतात. लघवी कधी होईल, कुठे होईल, वास येईल का. चारचौघांत अचानक शौचाला झाली तर काय. आई किती दिवस कपडे बदलणार. बायको मिळेल का, मिळाली तर काय. या प्रश्नांना पदक हे उत्तर नाही. ज्याने हेच प्रश्न सोडवले तोच माणूस उत्तर देऊ शकतो. मी थेरपिस्ट असूनही पूर्ण देऊ शकत नाही, कारण मी उठून चालत घरी जाते.

आता मी काय करते ते सांगते. नागपुरात नंदनवन भागात एक कुलर दुरुस्त करणारे दादा आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. पंधराएक वर्षांपूर्वी स्लॅब टाकताना वरून पडले. दुखापत डी-१०, तुमच्या भावापेक्षा दोन मणके वर. मार्च ते मे त्यांच्या दुकानासमोर कुलरच्या मोटरींची रांग लागलेली असते. व्हीलचेअरवर बसून वाइंडिंग करतात, मांडीवर जाड पाट ठेवून. पावसाळ्यात पंपाच्या मोटरी. घर दुकानाच्या मागेच.

गेल्या वर्षी बारावीतला एक मुलगा, चिंचेच्या झाडावरून पडलेला, त्यांच्याकडे नेला. आधी अर्धा तास पोरगा मोबाइलमध्येच डोकं घालून. दादांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "मले जरा थो तार धरून दे." त्याने तार धरली. मग दादांना आतल्या खोलीत कॉटवर जायचं होतं, पाठ टेकायला. त्यांनी खुर्ची कॉटला थोडी तिरकी लावली, ब्रेक मारले, खुर्चीचा कॉटकडचा हात काढून बाजूला ठेवला, पाय एकेक करून फूटरेस्टवरून उचलून जमिनीवर टेकवले. एक मूठ गादीवर, दुसरी खुर्चीच्या सीटवर. डोकं पुढे आणि खुर्चीच्या बाजूला झुकवलं, आणि कंबर उलट दिशेने उचलली जाऊन कॉटवर गेली. तीन सेकंद. पोरगा मोबाइल बाजूला ठेवून बघत होता. त्याला घरी दोन माणसं काखेत धरून उचलायची.

"डोकं जिकडं, बूड त्याच्या उलटं," दादा म्हणाले. "बस. दम लागत नाही त्यात, अक्कल लागते."

हीच गोष्ट मी त्या मुलाला चार वेळा शिकवली होती, अगदी याच शब्दांत नसेल, पण हीच. माझ्याकडून ती व्यायाम म्हणून पोचली होती. दादांकडून, घरात राहणारा एक माणूस पाठ टेकायला कॉटवर कसा जातो, एवढीच गोष्ट पोचली. मग त्याने पहिला प्रश्न विचारला, आणि तो तोच होता, जो सगळेच विचारतात : लघवीचं कसं करता? दादांनी खुर्चीच्या मागे लटकवलेली छोटी पिशवी काढली. आत नळी, साबण, पाण्याची बाटली. दुकान उघडण्याआधी एकदा, जेवणाआधी एकदा, चारच्या चहानंतर, आणि पुढे रात्रीपर्यंत तसंच. चार-सहा तासांच्या वर अंतर पडू देत नाहीत. लग्नसमारंभाला जायचं असेल तर दोन तास आधी पाणी कमी. "पण उन्हाळ्यात पाणी कमी नाही करायचं, नाहीतर इन्फेक्शन होऊन मेडिकलमध्ये भरती व्हावं लागते." मग दोघांचं काहीतरी सुरू झालं आणि दादा मला म्हणाले, "मॅडम, जरा कोपऱ्यावरून तर्री पोहे घेऊन या ना." मी समजले. पोहे घेऊन वीस मिनिटांनी परत आले तेव्हा पोरगा हसत होता. काय बोलणं झालं मी कधी विचारलं नाही.

तर मला प्रेरणेबद्दल जे कळलं ते एवढंच. ती माणसाच्या मोठेपणातून येत नाही, त्याच्या युक्तीतून येते. आणि आपल्यापासून एक-दोन पायऱ्या पुढे असलेल्याची युक्ती कामाची असते, वीस पायऱ्या पुढच्याची फक्त टाळ्या वाजवण्यापुरती. तुमच्या भावाला असा माणूस हवा, ज्याची दुखापत साधारण त्याच पातळीची आहे, जो दोन-चार वर्षं तरी पुढे आहे, आणि जो शक्य तर काहीतरी काम करतो. कोणतंही काम. दहावीच्या शिकवण्या घेणारा चालेल, पानठेला चालवणारा चालेल. असा माणूस शोधायचा कसा? ज्या फिजिओथेरपिस्टकडे किंवा हाडांच्या डॉक्टरकडे तुम्ही जाता, त्यांना सरळ विचारा, "तुमचा कोणी जुना पेशंट बोलायला तयार आहे का?" बहुतेकांकडे एक-दोन असतात. केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं प्रादेशिक केंद्रही नागपुरात आहे, तिथे विचारता येईल. आणि हो, त्या माणसाला "माझ्या भावाला मोटिव्हेट करा" असं सांगू नका. "याला कॉटवरून खुर्चीवर एकट्याने जायचं शिकायचंय" असं सांगा.

मात्र यात बरंच काही परिस्थितीवर आहे, ते आत्ताच सांगून टाकते. दुखापत पूर्ण आहे की अपूर्ण, म्हणजे मणक्यातली नस पूर्ण निकामी झालीय की थोडी शाबूत आहे, हे मला तुमच्या लिहिण्यावरून कळत नाही. अपूर्ण असेल तर पुढच्या काही महिन्यांत थोडी ताकद परत येऊ शकते, आणि मग भेटवायचा माणूसही वेगळा लागेल, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि वॉकरवर चालणारा. पाठीवर किंवा कुल्ल्यावर जखम असेल तर आधी ती भरू द्या. जखम असलेला माणूस खुर्चीत बसून कोणाची गोष्ट ऐकत राहिला तर जखम वाढेल. आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या : तो जेवत नसेल, रात्रभर जागा असेल, "मी नसलेलाच बरा" असं बोलत असेल, गोळ्या साठवत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. नैराश्य हा कणखरपणाचा प्रश्न नाही. त्यावर औषध आहे.

पण "खोलीबाहेर येत नाही" याचा अर्थ लगेच नैराश्य लावू नका. नागपुरातल्या महाल भागात एका घरी मला असंच बोलावलं होतं. सहा महिने मुलगा खोलीत, घरच्यांनी देवळापासून डॉक्टरपर्यंत सगळं केलं. मी टेप काढून दार मोजलं. चौकटीच्या आतलं अंतर पंचवीस इंच, रुग्णालयातून आणलेली खुर्ची सव्वीस इंच. तो बाहेर येतच नव्हता असं नाही, येऊच शकत नव्हता. दरवेळी भावाला हाक मारून उचलून न्यायला सांगायचं, आणि ते त्याला नको होतं. आम्ही अरुंद खुर्ची बदलून आणली, दाराची फळी बिजागऱ्यांसकट काढली आणि तिथे पडदा लावला. दुसऱ्या दिवशी तो ओसरीवर बसलेला. तुमच्या घरात आज पहिलं काम हे करा : खोलीचं दार, संडासचं दार आणि खुर्ची, तिन्ही मोजा. उंबरे असतील तर तेही. उताराचा साधा हिशोब असा, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. गवंड्याला एवढं सांगितलं तरी पुरे, नाहीतर तो घसरगुंडी करून ठेवतो.

दुसरं काम नोकरीचं. तुम्ही ओझरतं लिहिलंय की "नोकरी तर गेलीच." कोणी सांगितलं? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम २०, पोटकलम ४ काढून वाचा. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा खाली आणता येत नाही. जिल्हा परिषद त्यात येते. ते पद जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच लाभांसह दुसरं पद. दुसरं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद, म्हणजे त्याच्यासाठी केलेलं जादा पद. लिपिकाला तर बहुधा पद बदलायचीही गरज पडणार नाही, टेबलाखाली खुर्ची जाते का आणि कार्यालयात वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, एवढंच बघावं लागेल. कार्यालयातल्या आस्थापना शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं नसेल तर तेही लगेच. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याच्या वर असेल तर बाकीच्या सवलतीही लागू होतात, आणि त्याच्या बाबतीत ते वर असणारच. ही कलमाची ओळ छापून त्याच्या उशाशी ठेवा. दहा व्हिडिओंपेक्षा जास्त झोप लागेल त्याला.

तुम्ही आनंदवनला नेण्याबद्दलही विचारलंय. न्या, पण आत्ता नको आणि सहल म्हणून नको. वरोरा नागपूरहून शंभरेक किलोमीटर आहे, खुर्चीवरच्या माणसाला पहिल्याच प्रवासात ते जड जातं. चार-सहा महिन्यांनी तासभर सलग बसायची सवय झाली की जा. तिथे गेल्यावर बाबा आमट्यांच्या समाधीपाशी उभं राहून भारावण्यात वेळ घालवू नका, हातमागाच्या शेडमध्ये जा. बोटं झडलेल्या हातांनी धोटा कसा फेकला जातो ते भावाला बघू द्या. तिथली माणसं आपण आलो म्हणून काम थांबवत नाहीत, आणि मला वाटतं त्याला नेमकं तेच बघायचं असेल.

बाबा आमट्यांबद्दल एक गंमत आहे, जी आपल्या लक्षात येत नाही. मणक्याच्या आजारामुळे आयुष्याची पुढची कितीतरी वर्षं त्यांना बसताच येत नव्हतं. एकतर उभं, नाहीतर आडवं. भेटायला येणारे मंत्री असोत की कोणी, बाबा खाटेवर पडूनच बोलत. १९८५ ची भारत जोडो यात्राही त्यांनी गाडीत आडवं राहूनच केली. पण "प्रेरणादायी दिव्यांग" म्हणून त्यांचं नाव कोणी घेत नाही. लोकांना त्यांची खाट दिसलीच नाही, काम दिसलं. तुमच्या भावाच्या बाबतीत सगळ्यांना सध्या फक्त खाट दिसते. तुम्हालाही, माफ करा.

आणि तुमच्या स्वतःच्या भीतीबद्दल थोडं. तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "त्याचं पुढचं आयुष्य कसं जाईल या विचाराने मला झोप येत नाही." १९९९ मध्ये अमेरिकेतल्या आल्ब्रेख्त आणि देव्लीगर या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १५३ दिव्यांग व्यक्तींशी सविस्तर बोलून विचारलं की तुमचं आयुष्य कसं आहे. गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांनी चांगलं किंवा उत्तम असं सांगितलं. बाहेरून बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही. मला मात्र आश्चर्य वाटलं नाही, कुलरवाल्या दादांच्या दुकानात मी चहा प्यायलेली आहे. अर्थात उरलेले ४६ टक्केही आहेत. त्यांत वेदना असलेले आहेत, पैसा नसलेले आहेत, दार पंचवीस इंचांचं असलेले आहेत. यातल्या काही गोष्टी तुमच्या हातात आहेत, काही नाहीत.

आता भेटीचं. पहिली भेट घराजवळची ठरवा. मेट्रोने जायचं ठरवलंत तर स्टेशनात लिफ्ट आहे, डब्यात खुर्ची सरळ जाते. अडचण घरापासून स्टेशनापर्यंतच्या रस्त्याची असते, तो आधी एकदा स्वतः चालून बघा, फुटपाथ कुठे तुटलाय ते कळेल. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत निघा. डी-१२ च्या दुखापतीत अंगाचा ताप फारसा चढत नाही, पण पायांना चटका कळत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात फूटरेस्टचा पत्रा तव्यासारखा होतो. पायाखाली टॉवेलची घडी घाला, मोजे घाला. चाकाची कडीही तापते, हातमोजे द्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला पुढे वाकून किंवा हातांवर अंग उचलून बूड मोकळं करायला सांगा. खरं म्हणजे सांगू नका, समोरचा माणूस करतो ते बघून तो करेल.

आदल्या दिवशी त्याला एवढंच सांगा की उद्या एका माणसाकडे जायचंय, तो खुर्चीतून कॉटवर एकटा जातो. नाही म्हणाला तर पंधरा दिवसांनी परत विचारा. हो म्हणाला तर पोचवा, ओळख करून द्या, आणि पोहे आणायला बाहेर पडा. लवकर परत येऊ नका.